पान तेरा-चौदा

नोव्हेंबर संपता संपता सूर्य रजेवर जातो,
अर्ज न देता.
दोन महिने दुपारी तेवढा निळसर उजेड येतो गावात,
तासभर टेकतो, बूटसुद्धा न काढता जातो.

म्हणून मी ग्रंथालयाच्या भिंतीवर
दरवर्षी एक रिकामं वर्तुळ आखते
आणि पिवळ्या कागदाच्या पट्ट्या कापून बरणीत भरते.
एक पुस्तक वाचलं, एक किरण लावला.
एवढाच नियम.
मला वाटायचं, एवढ्याशा नियमात भांडायला जागा नसेल.

यंदा हिशेब योरुनकडे. चौथीतली.
तिचे वडील मासळीच्या गोदामात वजनकाट्यावर असतात,
आणि तो काटा हिच्या डोळ्यांत उतरलाय.
राह्वा घरी आईला वाचून दाखवते,
आई एकेक नॉर्वेजियन शब्द तोंडात घोळवून पाहते
गरम बटाट्यासारखा.
"आईचा अर्धा किरण वेगळा लावू?"
लाव, म्हटलं.
योरुनने वहीत अर्धा लिहिला, नाक मुरडून.

बुधवारी पोस्टातली म्हातारी कुत्री येते ऐकायला.
कुणी अडखळलं तरी तिचा कान हलत नाही,
म्हणून अडखळणारे तिच्याचपाशी रांग लावतात.

आणि माहत्ते. दुसरीतला.
बर्फ उपसणाऱ्या गाडीचं पुस्तक, चोवीस पानी,
अकरा वेळा नेलं,
अकरा किरण मागितले.

"एकच माणूस अकरा वेळा दारातून आला,"
योरुन म्हणाली, "तर अकरा पाहुणे आले म्हणायचं?"
मी शिक्क्याची शाई तपासत राहिले.
"वाचून दाखव मग," तीच म्हणाली.

तो वाचू लागला. शब्दाखाली बोट,
गोठलेल्या तळ्यावर पाऊल टाकावं तसं.
बाराव्या पानावर गाडी खिंडीत अडकते.
तेरा-चौदा नाही.
माझ्या आधीच्या बाईंच्या वेळचं ते फाटलंय,
शिलाईशी पांढरी कड तेवढी उरलीय.
पंधराव्या पानावर ड्रायव्हर घरी कॉफी पितो.

माहत्तेचं बोट त्या कडेवर थांबलं.
तोंड थांबलं नाही.
"मग रेनडिअर आले, एकशे दहा,
गाडीला टेकून झोपले,
त्यांच्या उबेनं बर्फ सैल झालं."

"आणि काल?"
"काल त्याची आत्या आली, फावडं घेऊन."
"परवा?"
"परवा कुणी नाही आलं.
तो सकाळपर्यंत बसला. मोठमोठ्यानं पाढे म्हणत."

हीटरची टकटक ऐकू येऊ लागली.
रात्री अडीचला आमच्या खिडक्यांवरून
नारिंगी दिवा फिरवत जाते ती गाडी
कुणाचे वडील चालवतात, हे गावाला ठाऊक आहे.

योरुनने पेन्सिलला टोक केलं. टोक होतंच.
मग एकाखाली एक अकरा रेघा मारल्या,
आणि बरणी त्याच्याकडे सरकवली.

आमचा सूर्य वाकडाच झाला.
दुसरीवाल्यांचे हात पोचतात तिथवर किरणांची दाटी,
वर टक्कल.
खरा यायचा त्या दिवशी ढग होते.
टेकडीवर उभे राहून आम्ही जॅमचे गोल पाव खाल्ले
आणि रीत म्हणून दक्षिणेकडे पाहिलं.

त्याच आठवड्यात ट्रोम्सोहून नवी प्रत आली.
मीच मागवली होती, ऑक्टोबरात, शहाण्यासारखी.
तिच्यात तेरा-चौदा आहे. वाचलं मी.
दुसरी गाडी येते आणि दोरखंडानं ओढून काढते.
चित्र छान आहे, खोटं कशाला बोलू.

प्रत खणात आहे, शिक्का न मारलेली.
ग्रंथपालानं पुस्तक दडवावं का,
हे कुठल्या खात्याला विचारतात, मला माहीत नाही.

माहत्ते आज पुन्हा आला. टोपीवर बर्फ.
मी जुनंच पुस्तक काढलं, तारीख मारली:
सात फेब्रुवारी.
"एवढे दिवस नकोत," तो म्हणाला,
"उद्या देतो."