कंसातले गोल

बाबांची कारकीर्द एका कागदावर मावते.
डावीकडे वर्षं, मधे क्लब,
उजवीकडे सामने, आणि कंसात गोल.
एकूण: २८७ (३).

डावे बचावपटू होते. तीनातला एक
त्यांच्या पाठीला लागून आत गेला,
तेव्हा ते पंचांशी हुज्जत घालत होते.

पहिली ओळ, मिनेरुल, वाल्या नेआग्रा.
संघात असलेल्या पोराला कागदोपत्री खाणीत नोकरी,
म्हणून दिव्यांच्या खोलीत आजोबांच्या खुंटीशेजारी
त्यांच्याही नावाची खुंटी होती, कायम रिकामी.
पेत्राके आजोबा पाळी संपवून वर येत
तोवर अर्धा सामना झालेला असे.
काळ्या तोंडानं कठड्याला टेकत
आणि शिटी वाजेपर्यंत एकच ओरडत:
"मागे बघ, आउरिका, मागे बघ!"

दुसऱ्या ओळीआधी एक बाण आहे.
बाणाचा अर्थ, उसना.
वाटीभर साखर द्यावी तसे ते दिले गेले
डॅन्यूबकाठी, ब्राइलाला, एका हंगामापुरते.
उसनी वाटी रिकामी परत करू नये, म्हणतात.
तिथल्या गोदीच्या कँटीनमध्ये एक मुलगी
मासळीचं आंबट सूप वाढायची, झाम्फिरा नावाची.
ते परत आले ते तिला घेऊनच.
१९ (०).

मग ज्या क्लबचं नाव आता कुणी घेत नाही तो.
अध्यक्षांचा सॉसेजचा कारखाना होता.
तीन महिन्यांचा पगार सलामीत मिळाला.
आईनं ती चौथ्या मजल्यापासून खाली
दारोदार विकली आणि घरभाडं भरलं.
आमच्या जिन्याला अजून लसणाचा वास येतो
असं ती सांगते. जिना आता आमचा नाही.

लार्नाका, ४१ (१).
मी तिथली. माझ्या जन्मदाखल्यावरची अक्षरं
आमच्या घरात कुणालाच वाचता येत नाहीत.
तिथला गोल खरा होता, चाळीस पावलांवरून.
गोलकीपरच्या डोळ्यांत ऊन गेलं होतं
हे बाबा दर वेळी स्वतःहून सांगतात,
न विचारता, सगळ्यात आधी.

त्यानंतर कझाकस्तान. आम्ही दोघी ब्राइलाला,
आजीच्या स्वयंपाकघरात, फोनजवळ.
"आज किती?" मी विचारायची.
"उणे अकरा," ते म्हणायचे.
बरीच वर्षं मला वाटायचं
फुटबॉलमध्ये हरणं असंच मोजतात.

आणि मग ही ओळ:
० (०).
गुडघा. दोनदा कापला, एकदा चुकीचा.
ते वर्षभर घरी होते. कुबडी माझ्या सायकलच्या
कॅरिअरला अडकवून मला ढकलत,
लंगडत, शिव्या देत, गोदीच्या भिंतीपर्यंत.
मी पडले की आधी सायकल उचलत.
माझ्या हिशेबात याहून चांगला हंगाम
त्यांना कधी मिळाला नाही.
हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

त्याखाली कागद कोरा आहे.
चौथ्या विभागातलं कुणी लिहीत नाही.
तिथे रविवारी आधी हंस हाकलायचे,
मग चुन्याची फक्की ओढायची, मग सामना.
बाबा बेचाळिसाव्या वर्षी तीन नंबरचा शर्ट घालून,
पोट आत ओढून, विशीतल्या पोरांच्या मागे.

परवा पेनल्टी मिळाली.
पोरांनी चेंडू आणून त्यांच्याच हातात ठेवला.
त्यांनी तो पुसला, ठेवला, पुन्हा उचलला,
पुन्हा ठेवला. माझ्या खिशात पेन्सिल होती.

चेंडू बारवरून गेला,
कुंपणावरून गेला, मक्यात पडला.
क्लबकडे तेवढा एकच. पंच घड्याळ बघत उभे,
आणि आम्ही सगळे, दोन्ही संघ, मी,
हंसांची मालकीण बाई,
डोक्याएवढ्या मक्यात शिरलो.
कुणी कुणाला दिसत नव्हतं.
पानांच्या आतून कुठून तरी बाबांचा आवाज,
"मिळाला? कुणाला मिळाला का रे?"