नग क्रमांक एकतीस

उदगीरला नगरपरिषदेच्या बंद पडलेल्या शाळेत
'हातांची कामं' म्हणून प्रदर्शन मांडलं,
तेव्हा पाट्या लिहायचं काम माझ्याकडे आलं.
एका वस्तूला चाळीस शब्द.
त्यात नाव, साल, कशाची, कशासाठी,
आणि जागा उरली तर माणूस.

सातवी ब च्या वर्गात
बुरुडाची अर्धी विणून सोडलेली दुरडी,
रापी, आरी, मेणानं काळा झालेला दोरा,
तेलघाण्याची लाट – दारातून आत येईना
म्हणून करवतीनं दोन तुकडे केलेली.
फळ्यावर अजून कुणाचा तरी
अर्धवट पुसलेला लसावि.

एकतीस नंबरला कल्हईचा भाता.
मी लिहिलं : लाकूड, बकऱ्याचं कातडं, लोखंडी नळी.
भट्टीला हवा पुरवण्याचे साधन. सुमारे १९६०.
देणगी : शेख मैनोद्दीन, कल्हईगर.
नोंदवहीत, स्थिती : चांगली.

उद्घाटनाला मैनोद्दीनचाचा
इस्त्रीचा सदरा घालून आले.
पाटीवर बोट ठेवून वाचत गेले,
शेवटाला पोचले, पुन्हा पहिल्यापासून.
"देणगी नाय बाई. ठेवायला दिलाय."
मी खोडलं, 'ठेवायला' केलं.
सर म्हणाले, म्हणजे नक्की काय?
मला धड सांगता आलं नाही.

मग दर शुक्रवारी, नमाज उरकून,
खिशात करडईच्या तेलाची बाटली.
"तेल पाजावं लागतंय येला.
उपाशी ठिवलं की तडकतंय."
वस्तूंना हात लावू नये, ही पाटीही माझ्याच अक्षरातली.
मी कुलूप काढायची
आणि खिडकीतून मैदानातली बाभळ बघत राहायची.
पाठीमागं कातडं एक लांब श्वास घ्यायचं,
कोळसा, राख, नवसागर,
वास थेट जिभेवर, खारट.

आमच्याकडे एकदा ताक कळकलं होतं.
हिरवट झालं, भाऊ रात्रभर ओकला.
दुसऱ्या दिवशी आईनं सगळं पितळ मोडीत घातलं
आणि स्टीलचा चकचकीत हंडा आणला.
दारावरनं कल्हईची हाक गेली
की ती आतूनच म्हणायची, नको, नको.
ती हाक यांची होती का,
मी विचारलं नाही.
पाटीत ते बसलंही नसतं.

फेब्रुवारीत एका गुरुवारी चाचा आले,
बाटली नाही, काखेत गोणपाट.
"निलंग्याला लग्न हाय. सतरा देगी.
आन ब्लोअर जळाला माझा.
सोमवारी आणून देतो."

नोंदवहीत रकाने होते :
आवक, जावक, दुरुस्ती, गहाळ.
'दुरुस्ती'वर पेन टेकवला, उचलला.
तोवर भाता गोणपाटात गेलाही होता,
सायकलच्या कॅरिअरवर
बांधलेल्या कोंबड्यासारखा मान बाहेर काढून.

काचेच्या कपाटात उरला
लाल कापडावर तेलाचा डाग.
शनिवारी जिल्हा परिषदेची पोरं आली,
लाट, दुरडी, रापी भराभरा मागं टाकत
सगळी त्या डागापाशी थांबली.
"इथं काय हाय वो?"
पाटीखाली मी पेनानं लिहिलं :
कामावर गेला आहे.
एका पोरीनं मोठ्यानं वाचलं
आणि तिच्या बाईंना विचारलं, "पगार किती?"

सोमवारी आले नाहीत.
मंगळवारी सरांचे तीन फोन.
बुधवारी दुपारी चाचा, दोन बोटांना चिंध्या,
भात्याची नळी काळीकुट्ट,
कातड्यावर एक नवं ठिगळ, दोरा अजून पांढरा,
आणि माझ्यासाठी डब्यात थोडं गोड, उतू गेलेलं.

वही उघडून मी विचारत बसले,
स्थिती काय लिहू आता?
चाचांनी भाता मांडीवर घेतला,
ठिगळावरून अंगठा फिरवला.
"लिवा की," म्हणाले,
"दमलाय."