नमुना

तिसऱ्या गेटावर मालगाडी जाईस्तोवर
लॅबचं शटर मी अर्धंच उघडते.
पहिला नंबर ठरलेला: भरमा मुतगेकर, वय अठ्ठावन्न,
उद्यमबागेत बत्तीस वर्षं भट्टीवर.
शांतव्वा म्हणते, "कै कोड्री, अण्णा,"
तो "घ्या" म्हणतो आणि बाही आपणच वर सारतो.
कोपराच्या आत जुन्या ठिणग्यांचे पांढरे ठिपके,
त्यांतून शीर शोधायची.
पहिल्या खेपेला सुतळीसारखी हाताला लागली होती,
आता सुई दोनदा चुकते.

"आम्हीबी नमुना घेतो की ओ," एकदा म्हणाला,
"पळीभर लोखंड, पाचरीच्या साच्यात.
गार झालं की घणानं मोडायचं
आणि मोडल्या तोंडावर पांढरी धार किती जाड ते बघायचं.
धार जाड, तर माल ठिसूळ.
अख्ख्या भट्टीचं पळीभरात कळतंय."
मग माझ्या नळीकडं बोट:
"तुम्ही ह्येच्यात काय बघतासा?"

आग, मी म्हटलं.
आतड्यातली गाठ यकृतापर्यंत गेली,
तिच्याभोवती शरीरानं रात्रंदिवस पेटती ठेवलेली.
सीआरपी म्हणजे तिचा धूर.
पाचाच्या आत हवा, तुमचा चौसष्ट.
पांढऱ्या पेशींतही दोन जाती,
एक धावून जाणारी, एक ओळख ठेवणारी.
एकीमागं दोन असाव्यात, फार तर तीन.
तुमच्यात सात.
"म्हंजे हेल्पर जादा, मिस्त्री कमी."
मी हसले. सेंट्रिफ्यूज फिरत होतं.

सांगितलं नाही ते हे:
असे आकडे शेजारी मांडून
कुठल्या कुठल्या इस्पितळांत
शेकडो माणसांचे महिने मोजून झालेत.
कागदावर दोन रेषा पायऱ्या पायऱ्यांनी उतरतात,
एक सावकाश, एक भराभर.
तो कुठल्या रेषेवर, मला ठाऊक.
कितव्या पायरीवर, ते कुणालाच नाही,
आणि रिपोर्टावर तसा रकाना नसतो.

त्याची बायको तुळसा डब्यातून अंडी आणते,
उकडलेली, सोललेली, चार.
कुणी तरी सांगितलंय,
अल्ब्युमिन म्हणजे अंड्यातलं पांढरं.
"रोज चार खातात, मग दोन पॉइंट सहाच कसं?
मागच्या खेपेला नऊ हुतं."
काय सांगू, बाई,
यकृतानं रोजचा माल काढणं बंद केलंय,
आगीची तातडीची ऑर्डर धरलीय,
सगळे साचे तिकडं लागलेत.
शब्द जुळवले आणि भरमाकडं पाहिलं.
त्याला कळलं असावं.
त्यानं डबा पुढं ओढला,
चारी संपवली,
"उद्या पाच आण," म्हणाला.

दसऱ्याच्या आधी चौसष्टाचे अठ्ठावीस झाले.
छातीतल्या नळीला जंतू धरले होते,
औषधानं गेले.
त्या धुरातला थोडा भाग दुसऱ्याच आगीचा होता.
पाव किलो कुंदा घेऊन आला.
मी चिमूटभर खाल्ला, गोड होता.
उरलेले अठ्ठावीस कशाचे, ते त्यानं विचारलं नाही.
जाताना खिशातून काढून टेबलावर ठेवली
एक मोडलेली पाचर,
त्याच्या शेवटच्या पाळीतली.
"ह्यो चांगला निघालता."

तुळसा परवा आली, एकटीच.
कारखान्यात द्यायला सगळे रिपोर्ट हवे होते.
तेरा कागद.
पंखा फुल्ल चालू, एक उडाला नव्हता.
वरची पाचर तिनं उचलली,
उजेडाला धरली,
मोडल्या तोंडावरून बोट फिरवलं.
"धार बारीक हाय," म्हणाली,
आणि गेट पडलं, मालगाडी आली,
पुढचं मला ऐकू आलं नाही.