चॅपल स्ट्रीट, ऑगस्ट

समोर कॅरॅव्हॅन. तिच्या मालकाला रिव्हर्स येत नाही,
मला पुढं जायला जागा नाही.
त्याची बायको खाली उतरून
विमान उतरवल्यासारखे हातवारे करतेय.

"डेन्झिल, माझी अपॉइंटमेंट गेली रे," मागून मिसेस ट्रेगियर.
गेलीच. दहा चाळीसची बस
अकरा पाचला इथंच.
बंदरात ओहोटी लागली,
आम्ही अजून त्याच बेकरीपाशी.
टपावर सीगल येऊन बसलाय, फुकट्या,
त्याला कुठं जायचंय!

आमच्या कॉर्नवॉलात पाहुण्यांना मुंग्या म्हणतात.
मुंग्या निदान रांगेत चालतात,
समोरून आलेलीला वाट देतात.

आणि रोज अडकायचं ते नेमकं
सतरा नंबरसमोर.
निळं दार. चौकटीला चावीची पेटी,
दर शनिवारी नवा आकडा.
आईच्या खोलीच्या खिडकीत
वेटसूट वाळताहेत,
मुंडकी नसलेली चार माणसं.
त्यांच्या मधून एक पोरगं बसला हात करतं,
जणू इथं थांबा आहे.

मी हॉर्न वाजवत नाही.
जिन्याची तिसरी पायरी करकरते
हे एव्हाना त्याला कळलं असेल.

कॅरॅव्हॅन कधीच गेली.
"झोपलास का रे?" मिसेस ट्रेगियर.