पेवात कंदील

हळदीच्या यार्डात पिवळं कोण बघतो?
नखं पिवळी, भुवया पिवळ्या,
वहीतला चारचा आकडासुद्धा.
चाळीस वर्षं सौद्याच्या याद्या लिहिल्या मी,
राजापुरी, कांडी, गड्डा, तोल, भाव,
आणि डोळे पिवळे झालेत हे कळलं
ते वखारभागातल्या न्हाव्याला.
वस्तरा हवेत धरून तो म्हणाला,
"मगदूम अण्णा, ही हळद धुऊन जायची नाही."

लिव्हर म्हटलं की लोक आधी तोंडाचा वास घेतात.
मी आदगोंडा मगदूम,
दिवस बुडाल्यावर घासही न घेणारा.
तरी बिरू हमाल जवळ सरकला, हळूच म्हणाला,
"कधीपासनं, अण्णा?"
मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं.
"काळीज म्हंजे तेच की. रविवारी
खाटकाकडं मागतो न्हवं आम्ही, ते लिव्हरच."
मी आयुष्यभर काळीज डावीकडं समजत आलो.
ते उजवीकडं होतं, बरगड्यांखाली,
न बोलता हिशेब ठेवत.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले,
सुई घालून तुकडा काढता येईल,
पण तुमचं रक्त लवकर थांबत नाही.
मला पोत्यात खुपसायची सळी आठवली.
एका भोकातून निघेल तेवढ्यावर
अख्ख्या पोत्याचा भाव.
"आधी दुसरं करून बघू," ते म्हणाले. "फुंकायचं."

तस्लीम नदाफ नावाची पोर, हातात घड्याळ.
आधी एक कोरा श्वास पिशवीत घेतला,
वर शून्य लिहिलं.
मग पेलाभर औषध.
"यात खुणेचा कार्बन आहे, नेहमीच्याहून जरा जड.
लिव्हर औषध फोडतं, मग तो श्वासातनं बाहेर येतो.
किती आला, किती लवकर आला,
त्यावरनं आतलं काम कळतं."
कळलं मला.
खूण केलेलं पोतं मागच्या दारानं आत सोडायचं
आणि पुढच्या दाराशी बसून राहायचं.

तासभर उठायचं नाही, चालायचं नाही.
दहा मिनिटं झाली. फुंका, आजोबा.
वीस झाली. फुंका.

तिसऱ्या पिशवीला मला हरिपूर दिसलं.
जमिनीत दोन पुरुष खोल पेव,
वर्षभर कोंडलेली हवा,
आणि दोरीला कंदील बांधून खाली सोडणारा माझा बाप.
काठावरचे सगळे गप्प.
ज्योत तगली तर माणूस उतरेल.
विझली तर तोंड उघडं ठेवून थांबायचं,
दुपारपर्यंत, उद्यापर्यंत.
भरमू थांबला नव्हता.
त्याच्या चपला काठावर राहिल्या,
कुणी त्या उचलेना.
पुरानंतर ती पेवं बुजलीच.
पण वाकून विचारणारा बापाचा आवाज
अजून माझ्या कानात तसाच खोल जातो:
"दिवा दिसतोय का रे?"

"आजोबा, फुंका की. पिशवी अर्धीच भरली."

चौथ्या दिवशी कागद आला.
रेघ वीस मिनिटांत डोंगर चढायला हवी होती,
माझी बांधावरून गेली.
बंद नाही पडलं, डॉक्टर म्हणाले, मंदावलंय.
म्हणजे निम्म्या हमालांवर चाललेला यार्ड.
माल हलतोय, पण गाड्या उभ्या.
सहा महिन्यांनी परत या.

न्हाव्याला सांगितलं. त्यानं पैसे घेतले नाहीत,
याचा मला उगाच राग आला.

आता रात्री दिवा मालवला
की तळहात तोंडाशी धरून हळूच फुंकतो.
ऊब लागते.
त्यातलं जड किती, हलकं किती,
हाताला समजत नाही.
पुन्हा फुंकतो.