रकाना नऊ

सांगलीहून पत्र आलंय:
परदेशातून आलेल्यांची घरं बघा,
जोखीम ठरवा, रकाना नऊमध्ये लिहा,
अल्प, मध्यम, उच्च.
खाली सही, हुद्दा.
माझा हुद्दा कीटक समाहारक.
लेंगऱ्यातली पोरं म्हणतात, डासवाली बाई आली.

शालन निकमांचा रणधीर बँकॉकहून आलाय.
विमान रात्री दोनला मुंबईत,
विट्याच्या स्टँडवर दुपारी बारा,
दीडला तो आईच्या ताटापुढे.
ताप अंगात दडून बसतो
चार दिवस, कधी दहा.
तेवढ्यात माणूस
पृथ्वीला तीन वळसे घालून येईल.
डासाची मादी मात्र शंभर-दोनशे पावलांची धनीण,
जन्मली त्याच पिंपाभोवती म्हातारी होते.
समुद्र तिनं कधी ओलांडायचा?
ते काम आपण करतो,
खिडकीजवळची जागा मागून.

घरात सात पिंपं, दोन रांजण, एक हौद.
नळाला पाणी आठ दिवसांनी,
अंड्याचा डास व्हायलाही आठच.
पाणी सोडणारा जोतिराम आणि ही मादी
एकाच पंचांगावर चालतात.

बॅटरी मारली.
चौथ्या पिंपात वळवळणारे स्वल्पविराम,
उजेड पडताच तळाला गेले.

"आता हे बी वतायचं व्हय?" शालनताई म्हणाल्या.
"उद्या नळ न्हाई आला
तर तुमचं सायेब घागर घिऊन येनार का?"

मी पत्राची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

रणधीर म्हणाला, ताप नाही.
डोळ्यांच्या मागं जरा ठणकतंय,
प्रवासाचं असेल.
मी म्हटलं, असेल. तरी तांबोळी डॉक्टरांकडं
रक्त देऊन ये आजच.
घाबरू नको, लाखात एखाद्याला असतं.

तो हसला. गलाईवाला गडी.
"मावशी, आमचा धंदाच लाखातल्या एकाचा.
सराफाच्या दुकानातला केर विकत घेतो आम्ही,
पायाखालची चटई जाळतो,
कारागिरानं हात धुतलेलं पाणीसुद्धा आटवतो.
पोतंभर राखेत कण एखादा.
पण निघतोच.
हा स्लॅब त्याच्यावरच पडलाय."

माझी पेन्सिल 'अल्प'वर टेकलेली होती,
तिथंच राहिली बराच वेळ.

मग जुन्या लुगड्याची चौघडी केली,
दोघींनी चौथं पिंप दुसऱ्यात गाळलं.
थेंब सांडला नाही, शालनताईंनी सांडू दिला नाही.
अळ्या तापल्या मातीवर झटकल्या,
कोंबडी आली.
कडेला चिकटलेली अंडी काथ्यानं घासली.
महिनोन् महिने कोरडी राहून जगतात ती,
पाण्याची वाट बघत.
एवढी चिकाटी आमच्या खात्यात नाही.

रकाना नऊ बोटभर रुंदीचा.
मी त्याच्या बाहेर, समासात लिहिलं:
पाणी आठ दिवसांनी येतं. चार झाकणं कमी आहेत.
वरचे साहेब विचारतील, ही कुठली जोखीम?

संध्याकाळी स्टँडवर विट्याच्या गाडीची वाट बघताना
घोट्यावर एक बसली.
हात उगारला, थांबवला,
वाकून आधी पाय बघितले,
पांढरे पट्टे आहेत का.

तेवढ्यात उडाली.