तळहात

बाबांचा उजवा हात मिटत नाही.
चमचा धरतो. कॉलरचं बटण नाही.

मी सात वर्षांची असेन. सामना संपला की
फ्रॉन्टॉनच्या मागल्या खोलीत
ते सुजलेला हात फरशीवर उताणा ठेवायचे
आणि मार्त्शेलकाका बुटासकट त्यावर उभे राहायचे.
सूज पांगते, म्हणायचे.
बाबा छताकडे बघत घोड्यांच्या बाजारभावावर बोलत राहायचे.
बास्तानच्या खोऱ्यात तेव्हा याला उपचार म्हणत.

चेंडू शंभर ग्रॅमचा. आत लाकडाचा गर, रबर,
वर लोकर, वर सूत, वर बकऱ्याचं कातडं.
ऐकताना मऊ वाटतो.
हातात घ्या.
आणि मग उघड्या तळव्याने भिंतीवर मारा,
रविवार दर रविवार, वीस वर्षं.

एन्याउत आला नोव्हेंबरात. वय एकोणीस.
तर्जनीच्या मुळाशी जांभळं, टोक गार,
गार म्हणजे ओढ्यातल्या खड्यासारखं.
खुर्चीत बसण्याआधीच म्हणाला, "कधी?"
मी म्हटलं, आधी बस.

तळहाताच्या फोडासारखं जपावं म्हणतात लेकराला.
पण फोडालाच कसं जपायचं
ते कुठल्या म्हणीत नाही.
कोमट पाणी. पट्टी. रात्री हात उशीवर, छातीहून वर.
सिगारेट बंद, तीही चोरून ओढलेली.
मग मसुराच्या वाडग्यात लपवलेली शर्टाची बटणं
एकेक करून शोधायची, डोळे मिटून.
त्याला लाज वाटायची. दार लोटून घ्यायला सांगायचा.

तिसऱ्या आठवड्यात तळवा लाल.
मामाच्या गोठ्याची भिंत, रात्री अकरा, गाईंच्या साक्षीने.
मी काही बोलले नाही. बोलून बोलून
माझे हात टेकले होते.
बाबांना बोलावलं.

बाबा आले, टोपी काढली नाही,
आपला हात त्याच्या हाताशेजारी टेबलावर ठेवला.
"मूठ वळ."
त्याने वळली.
बाबांनीही वळायला घेतली.
आम्ही दोघं बघत राहिलो. ती अर्ध्यात थांबली,
आणि बाबा ती तशीच धरून बसले, घाई नसल्यासारखे.
"माझ्या हातावर उभं राहायला माणसं पुष्कळ होती," म्हणाले.
पुढे काहीतरी म्हणणार होते. खोकला आला.

फेब्रुवारीत पट्ट्या कापायला शिकवल्या त्यांनीच.
फोमचे तुकडे, चिकटपट्टी, पुन्हा फोम.
"आमच्या वेळी एवढ्या गाद्या नव्हत्या," हे रोज.
आणि रोजच:
"इथे जाड. नाही, हाडाच्या खाली.
फेक ते. पुन्हा काप."
कात्री त्यांना चालत नाही, म्हणून नजर चालवायचे.
बांधायला पाऊण तास.
खेळायला मी दिले होते दहा फटके.

मार्चमधला गुरुवार. भिंत अजून ओलसर.
पहिला फटका नुसता थोपटल्यासारखा.
चौथ्याला आवाज आला, तो जुना, बंद दारावर थाप पडल्यासारखा,
आणि दवाखान्यातून आलेल्या दोघी नर्स गप्प झाल्या.
सहावा.
सातवा.
चेंडू परत आला आणि त्याने तो जाऊ दिला.
उडत उडत गटारापर्यंत गेला.
एन्याउतने बोटाचं टोक ओठाला लावलं,
मी शिकवलं होतं तसं,
ऊब आहे का बघायला.

"तीन राहिलेत," मी ओरडले.
"राहू देत."

त्याला वाईट वाटलं की नाही, मला कळलं नाही.
मला वाटलं थोडं. खोटं का सांगू,
आठवा बघायचा होता.

बाकावर बाबा. त्यांचंही बोट
ओठाशी गेलेलं, त्यांच्याही नकळत,
बराच वेळ तिथेच.
मग ते खाली घेतलं, कोटाला पुसलं
आणि विचारलं, रात्री जेवायला काय आहे.

घरी मी त्यांच्या कॉलरचं बटण सोडवलं.